शेऱ्याचा रकाना

वाफ्यांना तेव्हा नावं नव्हती, आकडे होते.
एक ते बारा, आणि असं तीनदा.
कुणाशेजारी कोण येणार
हे माडग्याळच्या माळानं ठरवलं नाही,
मुजावर सरांच्या टोपीतल्या चिठ्ठ्यांनी ठरवलं.
मी चिठ्ठ्या उचलल्या. हात माझा, नशीब चवळीचं.

मीटरभर लांब, मीटरभर रुंद, लोखंडी चौकट.
ती टाकायची, आतलं कापायचं, बाहेरचं सोडायचं.
बाहेरचं कितीही हिरवं असो, ते आपलं नाही.
हे अंगवळणी पडायला मला दोन कापण्या लागल्या.

श्रावणात सिराट्रो तारेवर चढला,
तारेवरून पाटीवर,
पाटीवरचं 'प्रवेश बंद' त्यानं गिळलं.
काट्यावर दोन किलो नऊशे.
मी मोठ्यानं वाचलं. सर म्हणाले,
ओल्याचं कौतुक नको, भट्टीत घाल.
पासष्ट अंशांवर अट्ठेचाळीस तास.
कागदी पिशवीत उरलं साडेपाचशे ग्रॅम,
बाकी सगळं पाणी,
श्रावणात दिलेल्या शब्दांसारखं.

सात नंबरला गोकर्ण होती.
संध्याकाळी जाताना दोन निळी फुलं मी ओट्यात टाकायचे,
घरच्या देव्हाऱ्यासाठी.
ही तूट कुठल्याच तक्त्यात नाही.

मग वारा फिरला.
चवळी आली तशी गेली, शेंग धरून, मागं न बघता.
सिराट्रोचे वेल तारेवर राहिले
जुन्या वायरीसारखे, आत करंट नसलेले.
दशरथ उभा होता, बारीक पानं मिटून.
आणि स्टायलो, जमिनीला धरून बसलेला, खरबरीत, चिकट,
पावसाळाभर ज्याच्याकडं पाहुण्यांनी ढुंकून पाहिलं नाही,
त्याच्या पिशवीवर मी पहिल्यांदा
दोनदा वजन करून बघितलं.

माघात एका सकाळी तार दोन जागी वाकलेली.
सिद्धव्वाच्या चार शेळ्या, आणि पोपटनाकी एक मेंढी,
येऊन, जेवून, गेल्या होत्या.
सात नंबर जमीनदोस्त.
सरांनी चष्मा पुसला. परत पुसला.

सिद्धव्वा स्वतःच आली, पदर खोचून.
"किती भरायचं त्ये बोला.
पर माज्या शेळ्यांनी वंगाळ काय खाल्लं, त्ये बी सांगा."

सर गुडघ्यावर बसले. मला वाटलं, मोडलेली काडी बघतायत.
हळूच म्हणाले, "आधी कुठं गेल्या?"

तेव्हा ती वाकली आणि माती वाचायला लागली.
ही पाट. ही थोरली, डावा खूर चिरलेला.
हितनं शिरली, एक नंबर हुंगला, सोडला.
सुबाभळीपाशी थांबली, दोन पानं, पुढं.
मग सरळ साताला, बघा, पाय कुठं वळला न्हाई.
निघताना स्टायलो, उभ्याउभ्या.
नऊला तोंडच लावलं न्हाई. नऊला काय घातलंया?
सरांनी सांगितलं. तिनं नाक मुरडलं,
शेळीसारखंच.

वहीत मी लिहिलं:
ओलं वजन, नाही. कोरडं वजन, नाही.
पान-काडी प्रमाण, नाही.
शेऱ्याचा रकाना बोटभर रुंद.
एक शेळी मावली, बाकी तीन आणि मेंढी
पानाच्या पाठीमागं नेली.
भरपाईचं पुन्हा कुणी काढलं नाही.

वैशाखात वळीव उमदीकडं वळला, इकडं नाही.
सात नंबरला जमीन भेगाळलेली
आणि बुडख्यापासून, अंगठ्याच्या पेराएवढे,
हिरवे फुटवे.
चौकट टाकली. आत तीन, बाहेर दोन.
तारेपलीकडं सिद्धव्वा उभी, हात पाटीच्या मानेवर,
दाबून धरलेला.
मी बाहेरचे दोनही मोजले.
ते कुठं लिहायचे, हे सरांना अजून विचारलेलं नाही.